जुन्या मापावर ती रुमालही शिवत नाही

आमच्या दुकानात नवीन माणूस आला की माझ्याकडे बघून म्हणतो, "मास्तर, एक शर्ट शिवायचा होता." मी अंगठ्याने आतलं टेबल दाखवतो. मास्तर तिकडे आहे. मास्तर म्हणजे माझी बायको. माप ती घेते, कापड ती कापते, गिऱ्हाइकांशी भांडणंही तीच करते. मी काजं करतो, बटणं लावतो, इस्त्री मारतो आणि ती सांगेल ते उसवतो. एकतीस वर्षं हेच चाललंय. मला त्याचं वाईट वाटत नाही. पहिली दहा वर्षं वाटलं, मग सवय झाली.

आमच्याकडे माप घ्यायची एक पद्धत आहे. ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ती टेप लावून आकडे बोलणार, मी वहीत लिहिणार, आणि लिहून झालं की सगळं मोठ्याने परत वाचून दाखवणार. ती "बरोबर" म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाने जागचं हलायचं नाही. हा नियम माझ्याच कर्तृत्वाने झाला. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझं सगळं लक्ष रेडिओवरच्या मॅचमध्ये होतं, आणि मी एका हेडमास्तरांच्या पँटची लांबी चाळीसच्या जागी चौतीस लिहून ठेवली. हेडमास्तर ती घालून आरशासमोर उभे राहिले तेव्हा त्यांचे मोजे दिसत होते आणि मोज्यांच्या वरचाही बराच मुलूख दिसत होता. ही हसली नाही. मी हसलो, ती माझी दुसरी चूक. तेव्हापासून वाचून दाखवल्याशिवाय आमच्या दुकानात कात्री उचलली जात नाही.

तर झालं असं, की तीन वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडावर तिने स्वतःसाठी जाकीट शिवायला घेतलं. कापलं तिने, गर्दीचे दिवस म्हणून शिलाई मारली मी. घालून बघितलं तर डावीकडे ओढल्यासारखं दिसत होतं. "उसवा," ती म्हणाली. मी उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा डावीकडे ओढ. "उसवा." तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अगं, शिलाईत काही खोट नाहीये, खोट तुझ्या डोळ्यात आहे. दुसरा नवरा असता तर एव्हाना त्याने हे जाकीट खिडकीतून फेकलं असतं." एरवी तिने मला उभा सोलला असता. त्या दिवशी तिने गळ्यातली टेप काढली, स्वतःलाच लावली आणि म्हणाली, "अहो, लिहा." मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. उजव्या बाजूपेक्षा डावी बाजू पाऊण इंच जास्त होती.

"जाकीट बरोबर आहे," ती म्हणाली. "अंग बदललंय."

गाठ तिला त्याच संध्याकाळी हाताला लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस भला, पण समोरचं बोलून व्हायच्या आत गोळी लिहून मोकळा होणारा. म्हणाले, "या वयात असं होतं, बाई. काळजी करू नका."

"वय दोन्ही बाजूंना सारखंच झालंय, डॉक्टर," ही म्हणाली. "मग एकच बाजू कशी वाढली?"

डॉक्टरांनी उघडलेलं पेन परत बंद केलं. तिला नीट तपासलं आणि मुकाट्याने मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत काय लिहिलंय ते तिने त्यांच्याकडूनच वाचून घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

कॅन्सरच निघाला. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी मला नुसते डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येतच नव्हता. सोबत माझी थोरली बहीण आली होती, ती रुमालाने डोळे पुसत होती. मोठे डॉक्टर सांगत होते ते असं: आधी ऑपरेशन, मग सोळा वेळा सलाईनमधून औषध, मग पुढचं पुढे बघू. चार मिनिटांत सगळं आटोपलं आणि त्यांचा हात पुढच्या फाईलकडे गेला.

"थांबा," ही म्हणाली. "आता मी वाचून दाखवते."

"काय वाचता?"

"तुम्ही बोललात ते. मला काय समजलं ते बोलून दाखवते. चुकलं तिथे अडवा."

आणि तिने एकेक करून पाच गोष्टी सांगितल्या. त्यातल्या तीन चुकीच्या निघाल्या. मोठे डॉक्टर आधी वैतागले, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पुढची फाईल बाजूला सारली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी वीस मिनिटं लागली. तेव्हा कुठे मलाही ऐकू यायला लागलं आणि मी वही काढून सगळं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर बहिणीने मला जिन्याखाली गाठलं. "अरे, आवर हिला. डॉक्टरांना कुणी असं उलटं विचारतं का? चिडले म्हणजे?"

"ताई, मला अठ्ठावीस वर्षांत जमलेलं नाही," मी म्हटलं. "तू प्रयत्न करून बघ. मी लांबून बघतो."

ताईने प्रयत्न केला नाही. ती शहाणी आहे.

मग ऑपरेशन. आदल्या दिवशी एक जण संमतीचा कागद घेऊन आला. "इथे सही करा." हिने विचारलं, "काय लिहिलंय यात?" तो म्हणाला, "नेहमीचंच आहे हो." ही म्हणाली, "तुमच्यासाठी नेहमीचं असेल. माझी पहिलीच वेळ आहे." बिचारा खुर्ची घेऊन बसला आणि अडीच पानं मोठ्याने वाचली. मधे एका शब्दाला अडखळला आणि त्याचा अर्थ विचारायला तोच उठून गेला. सकाळी सिस्टर तिला न्यायला आली तेव्हा हिने कपाटातल्या पर्समधून कापडावर खुणा करायचा खडू काढला होता आणि डाव्या बाजूला बाण काढून ठेवला होता. उजव्या बाजूला फुली. सिस्टर म्हणाली, "अहो, आमचे डॉक्टर स्वतः खूण करतात."

"करू देत की. माझी आणि त्यांची जुळते का, तेवढं बघा."

जुळली. आत सगळे हसले म्हणे. ते हसले याचा मला फार आधार वाटला. बाहेर बाकावर बसून मी मात्र हाताला लागेल ते उसवत होतो, शेवटी स्वतःच्या शर्टाची खालची शिवण अर्धी उसवून बसलो.

सोळा डोसांपैकी पहिले चार लाल औषधाचे होते, तीन-तीन आठवड्यांनी. त्यात तिचे केस गेले, तोंडाची चव गेली, जिन्याच्या आठ पायऱ्या चढायची ताकद गेली. जिभेची धार तेवढी शाबूत राहिली. मग बारा डोस दुसऱ्या औषधाचे, दर आठवड्याला एक. त्यातल्या पहिल्याच दिवशी सिस्टर औषधाची पिशवी आणि कागद घेऊन आली. हिने कागद मागून घेतला. चष्मा नाकावर चढवला.

"वजन अडुसष्ट. हे कधीचं?"

"फाईलमधलं आहे."

"वजन फाईलचं वाढलंय. माझं घटलंय. हे बघा," म्हणून तिने मनगट पुढे केलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता आणि तरीही घड्याळ कोपरापर्यंत जाऊन येत होतं. "औषध वजनावर मोजतात ना? पहिल्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले होते, यांच्या वहीत आहे."

वहीत होतं. मी वाचून दाखवलं.

"बाई, थोड्याफार फरकाने काही होत नाही," सिस्टर म्हणाली. तिच्या पुढे अजून अकरा पेशंट होते, तिचंही काही चुकत नव्हतं.

"सिस्टर, हे माप जुनं आहे. जुन्या मापावर मी रुमालसुद्धा शिवत नाही."

वजनाचा काटा दोन खोक्यांखाली सापडला. त्यावर उभी राहिली तर एकोणसाठ. सिस्टरचा चेहरा पडला. तिने फोन केला, पिशवी परत गेली, नवीन हिशोबाने दुसरी आली. आम्ही दोन तास जास्त बसलो. मोठे डॉक्टर स्वतः खाली आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडेच कामाला या."

"तुमच्याकडे मास्तर पुष्कळ आहेत," ही म्हणाली. "लिहिलेलं परत वाचणारं कुणी नाही."

त्यांच्या मागे एक तरुण डॉक्टर मुलगी उभी होती, गोल चष्म्याची. दर आठवड्याला त्रास विचारून फाईलमध्ये लिहायचं काम तिचं. ती मान खाली घालून हसली. पण पुढच्या आठवड्यापासून तिने एक नवीन गोष्ट सुरू केली. सगळं लिहून झालं की ती पेन ठेवायची आणि आपणहून मोठ्याने वाचून दाखवायची: झोप अशी, जेवण इतकं, ताप नाही, उलटी एकदा, बरोबर? ही रुबाबात म्हणायची, "बरोबर." आमच्या घरात आम्ही तिला चष्मेवालीच म्हणायचो आणि तिच्याबद्दल लेकीबद्दल बोलावं तसं बोलायचो.

हळूहळू औषध देतात त्या चार नंबरच्या खोलीबाहेरच्या बाकांवर हिची शाळाच भरायला लागली. "आत जायच्या आधी प्रश्न लिहून न्या. तीनच न्या, दहा नेलेत तर ते एकाचंही उत्तर देणार नाहीत." "घरी ताप आला तर फोन कुणाला करायचा, ते उठायच्या आधी विचारा. नुसतं 'हॉस्पिटलला करा' म्हणतील, नंबर घेतल्याशिवाय उठू नका." "रिपोर्टची एक प्रत आपल्याकडे ठेवा. फाईल हरवते, आपण हरवत नाही." एक आजोबा तर बुटाच्या खोक्याच्या झाकणावर प्रश्न लिहून घेऊन आले. मोठ्या अक्षरात, म्हणजे वाचताना अडायला नको. डॉक्टरांनी झाकणाकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "मास्तरीणबाई आल्यात का आज?"

अशी ही बाई. आणि ती खोटं बोलत होती.

बारा डोस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, या औषधाने हातापायांची बोटं बधिर होऊ शकतात. मुंग्या आल्या, स्पर्श कळेनासा झाला, तर लगेच सांगायचं. लपवलंत तर काही वेळा ते कायमचं राहतं. हे तिने परत बोलूनही दाखवलं होतं, न चुकता. आता, तिची बोटं म्हणजे काय ते मला विचारा. कापडाचा गठ्ठा पाठीमागे धरला तरी दोन बोटांच्या चिमटीत घेऊन सांगायची, आडवा धागा कुठला, उभा कुठला, सूत किती आणि भेसळ किती. आमचा कापडाचा व्यापारी तिच्यासमोर खोटं बोलायला घाबरायचा.

बारांपैकी पाचव्या डोसानंतर ती माझ्याकडून सुया ओवून घ्यायला लागली. म्हणे, उजेड कमी आहे. भर दुपारी बारा वाजता, खिडकीशी बसून! मग कापड डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागली. मग एक दिवस कपाची बशी हातातून सुटली आणि ती माझ्यावर ओरडली, की मी बशा ओल्या का ठेवतो. बशी कोरडी होती. रोज संध्याकाळी ती सांगायची आणि मी वहीत दिवसाचं लिहायचो. "झोप बरी. मळमळ थोडी. बोटं ठीक." मी लिहायचो, बोटं ठीक. वाचून दाखवायचो, बोटं ठीक. ती म्हणायची, "बरोबर."

का? सांगतो. एक तर आमचा धंदाच असला. कात्री चुकून लागली, तर तिथे एक खिसा लावायचा, नाहीतर एक चुणी जास्त घालायची. गिऱ्हाइकाला चूक दाखवायची नाही. एकतीस वर्षं तिने असे किती खिसे लावले असतील देव जाणे, लोक फॅशन म्हणून कौतुक करत घालून गेले. आणि दुसरं म्हणजे, बाकावरची एक बाई बोलता बोलता म्हणाली होती, "आमच्या मावशीने बोटांचं सांगितलं, तर औषध कमी केलं. आणि मग..." एवढं बोलून ती थांबली होती. ते 'आणि मग' हिच्या डोक्यात जाऊन बसलं.

आता माझं सांगतो, माझी कातडी वाचवत नाही. आठव्या डोसाच्या आसपास एका वकिलाचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला, तर कॉलरवर रक्ताचे तीन ठिपके. टाचण्या तिने लावल्या होत्या. टाचणी बोटात गेली आणि तिला कळलंसुद्धा नाही. ती आत पडली होती. मी कॉलर थंड पाण्यात धुतली, इस्त्री मारली, शर्ट टांगून ठेवला आणि मूग गिळून गप्प बसलो. मलाही औषध पूर्ण हवं होतं ना! बोटं गेली तर गेली, ही राहिली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. मी सुया ओवीन, मी टाचण्या लावीन, मी जन्मभर उसवीन. बोटं तिची होती आणि ती मी परस्पर देऊन टाकत होतो. याची लाज मला आजही वाटते.

नवव्या डोसाच्या दिवशी बाकावर एक पोस्टमन बसला होता. त्याचा आजार वेगळा होता, पण औषध हेच. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसणारा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी हिच्याकडे सरकून म्हणाला, "मास्तरीणबाई, तुम्हाला म्हणून सांगतो. माझे तळपाय मेलेत. काल एक चप्पल वाटेत कुठे गळून पडली, कळलंच नाही. तसाच तीन गल्ल्या फिरलो. एका बाईने सांगितलं, काका, तुम्ही एका पायाने अनवाणी आहात."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"छे हो. औषध कमी करतील."

अरे बापरे! ही जी उसळली! "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लोकांची पत्रं घरोघर पोचवता आणि स्वतःचा निरोप चार पावलांवर पोचवता येत नाही? ते काय, मनातलं ओळखणार आहेत? पाय तुमचे आहेत, डॉक्टरांचे नाहीत. उठा. आत्ताच्या आत्ता सांगा. आणि सांगितल्यावर ते काय म्हणाले ते परत बोलून दाखवा!"

अख्खा बाक ऐकत होता. पोस्टमन शाळेतल्या पोरासारखा उठला आणि आत गेला.

मी हिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, बाकी काही केलं नाही.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही."

"मग समोर बघा."

मी समोर बघितलं. पोस्टमन वीस मिनिटांनी बाहेर आला. चेहरा मोकळा. म्हणाला, "औषध बदलून देणार आहेत. त्याच कामाचं दुसरं. म्हणाले, आजाराच्या बाबतीत काही कमी पडू देणार नाही. आणि म्हणाले, आधीच का नाही सांगितलं, शहाणे आहात." मग हिला हात जोडून म्हणाला, "तुमच्यामुळे धीर झाला." हिने मान हलवली. दोन्ही हात मात्र मांडीवरच्या पर्सखाली सरकवले.

आमचा नंबर आला. चष्मेवालीने एकेक विचारलं, हिने एकेक उत्तर दिलं, आणि मग चष्मेवालीने पेन ठेवून वाचायला घेतलं. "झोप बरी. जेवण अर्धं. ताप नाही. उलटी नाही. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, नाही. बरोबर?"

ही फाईलमधल्या त्या ओळीकडे बघत होती.

"बरोबर ना, मास्तरीणबाई?"

"शेवटचं परत वाचा."

"बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, नाही."

ही माझ्याकडे वळली. "अहो, तुमच्या वहीत काय आहे?"

"ठीक असंच आहे," मी म्हटलं. "तू सांगितलंस तसं."

"आणि खरं काय आहे?"

वही मांडीवर उघडी होती, तिच्याकडे बघतच मी म्हटलं, "वकिलाच्या कॉलरला रक्त होतं."

मग ती म्हणाली, "तुम्ही धुतलंत?"

"हो."

"थंड पाण्यात?"

"थंड पाण्यात."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि चष्मेवालीकडे वळून दोन्ही हात टेबलावर ठेवले. "खोडा ते. चार आठवडे मी तुम्हाला चुकीचं माप दिलं."

मोठे डॉक्टर आले. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "बोटाला कापूस लावतो, लागला की सांगा." ती डोळे मिटून ताठ बसली. डॉक्टर एका बोटावरून दुसऱ्या बोटावर गेले, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. उजव्या हाताची पाचही बोटं झाली. ती अधीर होऊन म्हणाली, "अहो, लावा की आता."

मी तोंड फिरवलं. मला बघवेना.

डॉक्टर रागावले, आणि चांगले रागावले. "सगळ्या हॉस्पिटलला शिस्त लावता आणि स्वतः हे?" तिने सगळं ऐकून घेतलं. लग्नापासून मी तिला कुणाचं एवढं ऐकून घेताना बघितलं नव्हतं, मला जरा मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "झालं तुमचं? आता मी विचारते. औषध कमी केलंत तर मी मरेन का? सरळ सांगा, गोल फिरवू नका."

डॉक्टर बसले. म्हणाले, उरलेल्या चार डोसांच्या जागी दुसरं औषध देऊ, त्याच कामाचं, बोटांना कमी त्रास देणारं. तिच्या आजारात त्याने फरक पडेल असं त्यांना वाटत नाही. खात्री कुणालाच देता येत नाही, आधीच्या औषधाचीही नव्हती. बोटांचं मात्र सांगता येणार नाही. काही महिन्यांत परत येतील, कदाचित सगळी येणार नाहीत. चार आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर जास्त खात्रीने बोललो असतो. तिने हे सगळं परत बोलून दाखवलं. या वेळी आवाज बारीक होता, पण एकही गोष्ट चुकली नाही.

बोटांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, तुमचा जीव उगाच टांगणीला नको. डावा हात सात-आठ महिन्यांनी पुरता परत आला. उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट अजून अर्धवट झोपेतच आहेत. कापड ती आता डाव्या हाताने ओळखते आणि व्यापारी तितकाच घाबरतो. टाचण्या मी लावतो. त्या वाकड्या असतात, असं तिचं म्हणणं आहे, आणि दिवसातून चार वेळा ते तिचं म्हणणं मला ऐकावं लागतं. तपासण्या आत्तापर्यंत चांगल्या आल्यात. पुढची तीन महिन्यांनी आहे.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. मोठे डॉक्टर गेल्यावर चष्मेवालीने फाईल पुन्हा पुढे ओढली, चुकीची ओळ खोडली, नवीन लिहिली, वाचून दाखवली. "बरोबर," ही म्हणाली. मग चष्मेवालीने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मी उठायला लागलो होतो. हिने माझी बाही धरून मला बसवलं.

"लिहा," ती म्हणाली. "भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. रोज वाटते."

चष्मेवालीने लिहिलं. सावकाश वाचून दाखवलं. "पेशंटला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. रोज वाटते. बरोबर?"

"बरोबर." आणि मला म्हणाली, "अहो, तुम्हीही लिहा. वहीत नाहीये ते."

मी लिहिलं. ते लिहून झाल्यावर त्याच्या खाली, कुणी सांगितलं नसताना, मी आणखी एक ओळ लिहिली: मलाही वाटते. मग वाचून दाखवायचं सोडून वही तशीच तिच्यापुढे धरली. तिने माझ्या हातातून वही घेतली, चष्मा चढवला आणि स्वतःच वाचलं. खालची ओळ वाचताना तिचं बोट त्या शब्दांवर होतं, बधिर झालेलं.

"हे मी कुठे सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"नाही सांगितलंस. माझं आहे ते. खोडू का?"

तिने वही मिटून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या."